सासू नसलेला पदार्थ

भिलाईत रविवार सगळ्यांच्या घरी एकाच दिवशी येत नसे. शाळेचा, बँकेचा, पोस्टाचा रविवार कॅलेंडरातला. पण झोतभट्टी एकदा पेटवली की ती वर्षानुवर्षं जळती ठेवावी लागते, तिला सुट्टी देता येत नाही. म्हणून माणसंच तिच्याभोवती पाळीपाळीनं फिरायची. ए शिफ्ट सकाळी सहा ते दोन, बी दोन ते रात्री दहा, सी रात्री दहा ते सकाळी सहा, आणि या चक्रात आठवड्यातून एकदा प्रत्येकाचा ‘ऑफ’. डावीकडच्या क्वार्टरातल्यांचा ऑफ मंगळवारी असला तर उजवीकडच्यांचा शुक्रवारी. भर बुधवारी सकाळी कुणाच्या घरातून रेडिओ मोठ्यानं ऐकू आला, की समजायचं, यांच्याकडे आज रविवार.

आमच्याकडच्या रविवारी फ्रेंच टोस्ट व्हायचा. बाबांचा ऑफ बहुतेक वेळा शाळेच्या दिवशी पडे, त्यामुळे माझ्या आठवणीतला हा खास नाश्ता गणवेश घालून, दप्तर पायाशी ठेवून, एक डोळा घड्याळावर ठेवून खाल्लेला आहे. करायचे बाबा. आई त्या सकाळी खुर्ची ओढून बसायची आणि चहा प्यायची. बसल्याजागी एकही सूचना करायची नाही, हे विशेष. बाबांनी पोहे करायला घेतले असते तर तिला राहवलं नसतं.

पोह्यांना आमच्या घरात फार मोठं गोत होतं. आईचं माहेर नागपूरचं, बाबांचं घर भंडाऱ्याकडचं. पोहे भिजवायचे की नुसते धुऊन निथळायचे, साखरेची चिमूट घालायची की तो पुणेरी लाड समजायचा, तर्री घरी करायची की ती टपरीवरच शोभते, अशा प्रत्येक मुद्द्यावर दोन्हीकडच्या बायका दोनशे-अडीचशे किलोमीटरांवरून आमच्या ओट्याशी हजर असत. भरीत, गोळाभात, पाटोडी-रस्सा यांचंही तेच. कुणाच्या तरी हातची चव आधीच ठरून गेलेली, आपण फक्त तिच्यापेक्षा किती कमी पडलो ते मोजायचं.

फ्रेंच टोस्टच्या पाठीमागे अशी कोणी बाई उभी नव्हती. त्याला सासू नव्हती. दोन अंडी फोडा, अर्धी वाटी दूध ओता, मिठाची चिमूट टाका. मग जायफळ किसा, वेलची कुटा, साय घाला, किंवा यातलं काहीच करू नका. ‘आमच्याकडे असं करत नाहीत’ असं म्हणायची कुणाची प्राज्ञा नव्हती, कारण आमच्याकडे ते कुणी केलेलंच नव्हतं. बाबांना स्वयंपाकघरात शिरायला हीच एक वाट मोकळी होती असं मला आता वाटतं. जिथं चुकीला मापच नाही तिथं नवखा माणूस निर्धास्त असतो.

आणि गावही तसंच होतं. २ फेब्रुवारी १९५५ ला भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्ह्यातलं भिलाई हे आजूबाजूच्या खेड्यांसारखंच एक खेडं होतं. ते ज्या मध्य प्रदेशात मोडत होतं त्या जुन्या राज्याची राजधानी नागपूर होती; पुढच्या वर्षी राज्य पुनर्रचनेत नागपूर मराठी मुलखाकडे गेलं आणि भिलाई मध्य प्रदेशातच राहिलं. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. चार वर्षांत भाताच्या शेतांच्या जागी सेक्टर आखले गेले, आणि त्या सेक्टरांत केरळपासून पंजाबपर्यंतची माणसं येऊन राहिली. सगळी तरुण. मी लहान असताना आमच्या रस्त्यावर म्हातारं माणूस दिसलं तर ते पाहुणं असे, कुणाच्या तरी गावाहून गाडीनं आलेलं.

छत्तीसगडात मराठी माणूस नवा नाही, हे खरं. नागपूरकर भोसल्यांचा अंमल इथं १८५४ पर्यंत होता. रायपूर, बिलासपूरला पिढ्यान्‌पिढ्यांची मराठी घरं आहेत. पेंड्र्यातून १९०० साली ‘छत्तीसगढ़ मित्र’ काढणारे माधवराव सप्रे मराठी घरातले; राजनांदगावच्या दिग्विजय कॉलेजात शिकवता शिकवता हिंदी कवितेची दिशा पालटणारे मुक्तिबोधही मराठी घरातलेच. पण ते वाड्यांतले मराठी. आम्ही क्वार्टरांतले. आमच्याकडे ना तुळशीवृंदावन होतं, ना माळ्यावरचं पिढीजात पितळ. भांड्यांवरून आठवलं: नागपूरचे नातेवाईक हटकून विचारायचे, तुमच्याकडे स्टीलची भांडी स्वस्त मिळत असतील ना? भिलाईत रूळ होतात, प्लेटा होतात, वायर रॉड होतात. पोहे खायची ताटली ज्या स्टेनलेस स्टीलची असते ते भिलाईत होत नाही. बाबा हे दर वेळी समजावून सांगायचे आणि दर वेळी समोरच्या चेहऱ्यावर थोडी निराशा यायची.

तर, या रस्त्यावर फ्रेंच टोस्ट घरोघर होता आणि कुठल्याच दोन घरांत सारखा नव्हता. बंगाली बौदी त्यात बारीक कांदा आणि हिरवी मिरची घालायच्या, साखरेचं नावही काढायच्या नाहीत, आणि त्याला बॉम्बे टोस्ट म्हणायच्या. मुंबईशी आमचा काय तो संबंध असल्यासारखं आमच्याकडे बघून हसायच्या. केरळच्या चेचींकडे तो तुपात परतलेला, वेलचीचा, आणि सोबत पिकलं केळं. पलीकडच्या पंजाबी घरात ब्रेड जाड आणि साय भरपूर. एका घरी अंड्यात हळद घालत असत. ते मला आजही पटलेलं नाही, पण त्यांना चूक ठरवणार कोण? इडलीत कुणी असा खेळ केला असता तर चेचींनी दोन दिवस अबोला धरला असता. लुचीबद्दल बौदींचं तेच. टोस्ट मात्र भिंतीपलीकडून वाटीत पालथी वाटी घालून यायचा, जायचा, आणि प्रत्येक घर दुसऱ्याचं काहीतरी उचलून घ्यायचं.

बाबांचं म्हणणं, हा पदार्थ भिलाईत रशियनांनी आणला. सोव्हिएत इंजिनिअर कुटुंबांसह टाउनशिपमध्ये राहत होते, आणि त्यांच्याकडे दूध-अंड्यात बुडवून तळलेल्या पावाला ग्रेन्की म्हणतात, एवढं बाबांना कामावरच्या ओळखीतून माहीत होतं. गोष्ट छान आहे, मला खरी वाटत नाही. त्याआधी कितीतरी वर्षं बंगाल नागपूर रेल्वे दुर्गावरून धावत होती, साहेब होते, डाकबंगले होते, खानसामे होते. ब्रेड आणि अंडं भेटायला रशियनांची वाट बघत बसले नसतील. पण बाबांच्या पिढीला रशियनांकडून काहीतरी घरगुती मिळावं अशी फार इच्छा होती. रशियनांशी असलेल्या मैत्रीच्या नावानं १९७२ साली उघडलेल्या मैत्री बागेत तलाव, होडी, प्राणी हे सगळं होतं, तरी मैत्री म्हणजे कुणाच्या तरी ताटातलं आपल्या ताटात येणं असंच त्यांना वाटत असावं. मी वाद घातला नाही.

अडचण अंड्याची होती. आजी वर्षातून एकदा, थंडीत, नागपूरहून यायची, आणि ती आली की अंडं घराबाहेर जायचं. एरवीसुद्धा अंड्याची भांडी वेगळी होती: एक जर्मनचं पातेलं, एक काटा, एक पसरट फ्राय पॅन. पोळीच्या तव्याला अंडं लागता कामा नये, हा नियम आईनं बाबांच्या उत्साहाच्या वरताण पाळला. ही तीन भांडी बाहेरच्या व्हरांड्यात फळीवर असत. रशियनांच्या कारखान्याच्या गावात, जर्मनच्या पातेल्यात, फ्रेंच टोस्ट; बाबांना हा विनोद इतका आवडायचा की पाहुण्यांना टोस्टआधी तो वाढला जाई.

आजी असताना बाबांचा ऑफ आला की दूध आणि कस्टर्ड पावडर. पिवळा रंग यायचा, चव जवळपास जायची, पोत मात्र नाही. मक्याचं पीठ चिकट होऊन पावाच्या पोटात बसतं. ही पावडर मुळात १८३७ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषध दुकानदारानं बायकोसाठी बनवली, कारण तिला अंडं सोसत नव्हतं. एका बाईच्या पोटासाठी काढलेली युक्ती आमच्याकडे दुसऱ्या बाईच्या सोवळ्यासाठी कामी आली. गंमत पुढे आहे. अपिसियसच्या नावावर जो रोमन पाकग्रंथ आहे, त्यात एक गोड पदार्थ दिलेला आहे: पांढऱ्या पावाची कड काढा, मोठे तुकडे करा, दुधात भिजवा, तेलात तळा, वरून मध ओता. अंड्याचा उल्लेख नाही. म्हणजे या पदार्थाची जी सगळ्यांत जुनी कृती आपल्या हाती आहे, ती आजीनं खुशाल खाल्ली असती, तेलाऐवजी तूप घ्या एवढंच म्हणाली असती. हे मला ती असताना माहीत असायला हवं होतं. रोमन लोक आपल्याच बाजूचे निघाले म्हणून ती नागपूरला जाऊन सगळ्यांना सांगत बसली असती.

आता करण्याबद्दल. ब्रेड ताजा नको. आदल्या दिवशीचा हवा, दोन दिवसांचा असला तर आणखी बरा. शिळा ब्रेड म्हणजे वाळलेला ब्रेड असं आपण धरून चालतो. बूसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १८५२ सालीच दाखवून दिलं होतं की पाण्याचा थेंबही उडू दिला नाही तरी ब्रेड शिळा होतोच. भाजताना सैल झालेलं पिठातलं स्टार्च गार होता होता पुन्हा घट्ट रचून बसतं, म्हणून तो कडक लागतो. फ्रिजमध्ये हे बाहेरच्यापेक्षा लवकर होतं. खायचा ब्रेड तिथं ठेवू नये, टोस्टसाठीचा जरूर ठेवावा. हा घट्टपणाच उपयोगाचा. ताजा पाव दुधात पडला की त्याचा चिखल होतो; शिळा पाव पितो आणि उभा राहतो. दुकानातल्या पातळ स्लाइसला एका बाजूनं मनात वीस म्हणेपर्यंत पुरतं. घरी कापलेला जाड असेल तर धीर धरावा.

साखर मिश्रणात घालू नये, ती पॅनला धरते आणि करपते. वरून भुरभुरावी. आच मंद. दूध घातलेलं अंडं साधारण ८० अंशांच्या आसपास आवळतं, पण वरचा तांबूस रंग आणि तो खरपूस वास १४० च्या पुढे गेल्याशिवाय येत नाही. आच मोठी ठेवली तर वरून रंग येतो आणि आत कच्चं दूध राहतं. बाबा स्टील मेल्टिंग शॉपमध्ये होते. १६०० अंशांच्या भट्टीत निळ्या काचेतून बघून आतल्या रसाचा अंदाज घेणाऱ्या माणसांत त्यांची उमेद गेलेली. फ्राय पॅनवर वाकून, डोळे बारीक करून ते टोस्टची कड उचलून बघायचे, तेव्हा आई हसायची. भट्टीच्या एका हीटला, म्हणजे एका घाण्याला, कित्येक तास लागतात, इथं दोन मिनिटं, आणि धाक मात्र इथलाच जास्त, असं ते म्हणायचे. एका वेळी दोनच मावत. त्यामुळे फ्रेंच टोस्ट हा सगळ्यांनी मिळून बसून खायचा पदार्थ नाहीच. करणारा उभा, खाणारे रांगेत, आणि पहिला गरम घास ज्याची शाळा आधी त्याला. तरी घरातली सगळी माणसं त्या वेळी एका खोलीत जागी असत. नाइट शिफ्ट असलेल्या घरात हे रोज घडत नाही. दिवसा पडदे ओढून, कुकरची शिटीसुद्धा होऊ न देता झोप सांभाळलेली घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे सांगावं लागणार नाही.

ब्रेडचंही एक आठवतं. ज्या काळात सरकार पोलाद काढत होतं त्याच काळात ते पावही भाजत होतं. १९६५ साली ऑस्ट्रेलियाच्या मदतीनं मॉडर्न बेकरीज ही सरकारी कंपनी निघाली, आणि तिचा ब्रेड गावोगाव गेला. जानेवारी २००० मध्ये ती हिंदुस्तान लिव्हरला विकली. निर्गुंतवणुकीच्या त्या फेरीत सगळ्यांत आधी विकला गेला तो ब्रेडच. टाउनशिपमध्ये तेव्हा लोक चहा पिताना हळू आवाजात बोलत होते, आता आपला नंबर कधी. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला छत्तीसगड राज्य झालं आणि बोलायला दुसरा विषय मिळाला.

इथवर मी भिलाईला पूर्वज नव्हते असं जे सुचवत आलो, ते क्वार्टरवाल्यांचं म्हणणं आहे. ज्यांच्या जमिनीवर सेक्टर आखले त्यांना पूर्वज होतेच, आणि त्यांचा नाश्ताही होता. रात्रीच्या उरलेल्या भातात पाणी घालून ठेवायचं, सकाळी तो थोडा आंबूस झालेला भात मीठ, कांदा आणि एखाद्या चटणीबरोबर खायचा: बासी. ताज्या भातात पाणी घालून गार केला तर बोरे. उन्हाळ्यात शेतावर, भट्ट्यांवर, बांधकामावर जाणारा माणूस हेच खाऊन निघतो, आणि शहाणपणानं निघतो, कारण दुपारच्या उन्हात पोटात पाणी टिकतं. २०२२ साली तेव्हाचे मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी १ मे या कामगार दिनी सगळ्यांनी बोरे-बासी खावी असं आवाहन केलं, आणि कलेक्टरांपासून सगळ्यांचे वाडगा हातात घेतलेले फोटो झळकले. थट्टा करणाऱ्यांनी थट्टा केली. मला ते आवडलं होतं. शिळ्या पावाला दूध-अंडं पाजून त्याला खास म्हणणाऱ्यांनी शिळ्या भाताला हसू नये. आणि फोडणीची पोळी, कुस्करा यांच्यावर वाढलेल्या मराठी माणसानं तर मुळीच नाही.

पण फरक आहे, आणि तो भाताचा आणि पावाचा नाही. मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी भिलाईवर मोठा अभ्यास केला. त्यांचं ‘क्लासेस ऑफ लेबर’ हे पुस्तक २०२० साली आलं. त्यात त्यांनी इथल्याच लोकांच्या तोंडची एक विभागणी पकडली आहे: कारखान्यात कायम असलेल्याची ती नोकरी, ठेक्यावर किंवा रोजंदारीवर असलेल्याचं ते काम. आमच्या घरातला ऑफ हा नोकरीतला ऑफ होता, पगारासकट. कामातला ऑफ म्हणजे त्या दिवसाची मजुरी नाही. भिलाईच्या खासगी कारखान्यांतल्या ठेका कामगारांना नोकरीच्या बाजूला आणण्यासाठी झगडणारे शंकर गुहा नियोगी २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे इथंच, झोपेत, गोळी घालून मारले गेले. त्या सकाळी टाउनशिपमध्ये कुणाकुणाचा ऑफ असेलच.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई टाउनशिपच्या पलीकडच्या गावातून चालत यायच्या. त्यांचा नवरा ठेक्यावर. त्या सकाळी बासी खाऊन यायच्या, आणि बाबांचा ऑफ असला की त्यांच्या वाट्याचा टोस्ट झाकून ठेवलेला असे. कित्येक दिवस त्या तो कागदात गुंडाळून घरी न्यायच्या, पोरांसाठी. एकदा आईनं आग्रहानं तिथंच बसवून खायला लावला. त्यांनी एक घास घेतला, थांबल्या, आणि म्हणाल्या, “गुरतुर अंडा?” गोड अंडं ही कल्पनाच त्यांना मान्य नव्हती. बाबांनी जायफळ वगैरे सांगून पाहिलं. त्यांनी मान हलवली, ओट्यावरचे दोन टोमॅटो उचलले, हिरव्या मिरच्या, कोथिंबीर आणि मीठ घेतलं, आणि पाट्यावर पताल चटणी वाटून टोस्टच्या शेजारी ठेवली. छत्तीसगडीत टोमॅटोला पताल म्हणतात; बासीबरोबर हीच चटणी असते.

बाबांनी साखर भुरभुरलेला टोस्ट त्या चटणीत बुडवून खाल्ला आणि दुसरा मागितला. आई म्हणाली, भयंकर आहे. आजही ती तसंच म्हणते आणि आपल्यापुरती साखर वेगळी काढून ठेवते. मी मात्र टोस्ट करायचा म्हटलं की आधी घरात टोमॅटो आहेत का ते बघतो. मिक्सरमध्ये ती चटणी पातळ होते, पाणी सुटतं. पाट्यावरच वाटावी, बिया थोड्या अख्ख्या राहू द्याव्या. मिरचीला कंजूषी केली तर बाई अजूनही विचारतात, हे कुणासाठी केलंय, पाहुण्यांसाठी का?